मनी आता देवीने मरत नाही

१

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. मायच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण आहेत, आणि तसेच दोन माझ्याही दंडावर आहेत. माझ्या पुतण्याच्या दंडावर बीसीजीचा एक बारीक डाग आहे, देवीचा नाही. तो जन्मला तोवर देवीचा रोग जगातून जाऊन वीसेक वर्षं झाली होती. टोचायचं कारणच उरलं नव्हतं.

‘आपण आधीच्या पिढ्यांपेक्षा बरे आहोत का?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या मांडवात निघतो, गावच्या पारावर निघतो आणि साहित्य संमेलनाच्या परिसंवादातही निघतो. उत्तरं ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, पूर्वीचं खाणं कसदार होतं, माणसं जिवाला जीव देणारी होती, आता नुसता पैसा आला. दुसरा पक्ष आकडे काढतो. वाद संपतो तेव्हा दोघेही जेवायच्या पंगतीला शेजारी बसतात आणि कुणाचंच मत बदललेलं नसतं.

माझं मत मात्र गेल्या वर्षी एका प्रश्नाने हललं. मी धुळ्याला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाव अमळनेर तालुक्यातलं. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ किती वर्षांपासून शिकवतोय याचा हिशोब मी सोडून दिला आहे. मनीच्या मृत्यूचा भाग आला की वर्ग शांत होतो, हे मला अनुभवाने माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्या शांततेची मला सवय, थोडी चटकही लागली आहे. गेल्या वर्षी त्या शांततेत मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, मनीला टोचलं का नव्हतं?”

मी म्हणालो, त्या काळात तसं असायचं. उत्तर देताना ते खोटं आहे हे मला कळत होतं.

२

‘कोसला’ १९६३ साली आली. नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या सांगवीचा, खात्यापित्या शेतकरी घरचा मुलगा. तो पुण्याला शिकायला जातो, आणि इकडे त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तोवर कादंबरीचा सूर तिरकस, टवाळ, सगळ्याची खिल्ली उडवणारा असतो. त्या जागी तो मोडतो. पुढे पुन्हा विनोद येतो, पण वाचणाऱ्याला मनी विसरता येत नाही. मला वाटतं पांडुरंगालाही नाही. त्याचं नंतरचं सगळं तुटलेपण या मृत्यूच्या सावलीत वाचता येतं.

आपल्या समीक्षेने हा मृत्यू कसा वाचला? बहुतेक करून अस्तित्ववादाच्या खात्यावर मांडला. जगण्याला अर्थ नाही, मरण कुणालाही कधीही गाठतं, माणूस एकटा आहे, आणि मनीचा मृत्यू हा त्याचा पुरावा. मीही हेच शिकवलं. कामूचं नाव घेतलं, फळ्यावर ‘निरर्थकता’ असा शब्द लिहिला. विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवला आणि परीक्षेत परत दिला.

त्या मुलीच्या प्रश्नाने या वाचनातली गफलत उघडी केली. देवीचा रोग हे नशीब नव्हतं. त्यावरची लस १७९६ साली निघाली होती. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १८०२ साली, ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. मनीसारखीच लहान मुलगी. मुंबईहून जळगावला रेल्वेने रातोरात येता येतं, पण ती लस प्रत्येक मनीपर्यंत पोचायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. भारत सरकारचा देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९६२ साली, म्हणजे ‘कोसला’ छापून यायच्या जेमतेम वर्षभर आधी. देशातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं.

म्हणजे मनी निरर्थकतेने मेली नाही. ती उशिराने मेली. कुणीतरी पोचायला हवं होतं, ते पोचलं नाही. पांडुरंगाचं दुःख यामुळे उणं होत नाही. बहीण गेलेल्या माणसाला लसीची तारीख सांगून काय उपयोग? त्याला जग अर्थहीन दिसलं तर ते त्याच्या जागी खरंच आहे. पण पांडुरंगाला जे दिसलं तेवढंच आपण, त्याच्यानंतर साठ वर्षांनी वाचणाऱ्यांनी, पाहिलं तर तो आळस आहे. कादंबरी शोक करते. समीक्षेने त्या शोकाचं तत्त्वज्ञान केलं आणि ‘टोचलं का नव्हतं’ हा साधा प्रश्न विचारायचा राहून गेला.

आणि तो प्रश्न विचारला की सुरुवातीच्या वादाचं निम्मं उत्तर मिळतं. आपण बरे आहोत. मनी आता देवीने मरत नाही. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, चार मुलं जगली. उरलेल्या पाचांची नावं तिला पाठ होती, आम्हाला कुणालाच नाहीत. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० साली हा आकडा २८ होता. ‘पूर्वीचं खाणं कसदार होतं’ म्हणणाऱ्याने हा फरक आधी ताटात वाढून घ्यावा, मग तुपाबद्दल बोलावं.

३

गेलेल्या काळाची ही ओढ आपण ज्यांच्या नावावर सर्वात जास्त खपवतो त्या म्हणजे बहिणाबाई. कॅलेंडरवर, शाळेच्या भिंतीवर, पुढाऱ्याच्या भाषणात, लग्नपत्रिकेवर त्या असतात. जात्यावर बसलेली, समाधानी, शहाणी आजी. ‘काय साधी माणसं होती, कसं सुखी होतं सगळं!’

बहिणाबाई चौधरींचं आयुष्य जरा सरळ वाचून पाहावं. १८८० साली असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगाव. सोळा ते वीस या वयात त्यांनी १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाहिले. तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं: काशी, ओंकार, सोपानदेव. प्लेगने ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. अक्षरओळख नाही. शेतातलं आणि घरातलं काम एकाही दिवसाची सुट्टी न देणारं. १९५१ साली त्या गेल्या, तेव्हा भारतात जन्मणाऱ्या माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं.

त्यांच्या कवितेत आनंद आहे, हे कोण नाकारेल? पेरणी आहे, मोट आहे, आखाजीला माहेरी आलेल्या पोरींचा खेळ आहे. पण तो आनंद सुखी काळाचा दाखला म्हणून वाचणं म्हणजे त्या बाईचं कष्टाने कमावलेलं धन काळाच्या नावावर जमा करणं. दारात आलेल्या ज्योतिषाला परत पाठवणारी ही बाई समाधानी नाही, ती खंबीर आहे. दोन्हींत फरक आहे. समाधानी माणसाला काळाने काही दिलेलं असतं. खंबीर माणसाकडून काळाने घेतलेलं असतं, आणि तरी तो उभा असतो.

आणखी एक गोष्ट आपण सहज ओलांडून जातो. ही गाणी उरली कशी? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने, पितांबर चौधरींनी, ती टिपून ठेवली. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. म्हणजे कविता आईची, लेखणी मुलाची. ज्या बायकांच्या घरात शिकलेला मुलगा नव्हता, किंवा होता पण त्याने ऐकलं नाही, त्यांची गाणी जात्याबरोबरच थांबली. माझी आजीही दळताना गायची. आम्ही कुणी लिहून घेतलं नाही.

म्हणून ‘त्या काळी बायका किती सुंदर गात’ असं आपण म्हणतो ते उरलेल्या एका वहीकडे पाहून. न उरलेल्या वह्या आपल्या हिशोबात नसतात. जे आलं, टिकलं, मोजलं गेलं त्यावरूनच आपण काळाला गुण देतो. ही चूक फक्त भूतकाळाच्या बाबतीत होते असं मला वाटायचं. ती आपल्या स्वतःच्या काळाबद्दलही तशीच होते, हे मला उशिरा कळलं.

४

‘हिंदू’ ही नेमाड्यांची कादंबरी २०१० साली आली. ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ हे तिचं उपशीर्षक आता जवळजवळ म्हणीसारखं वापरलं जातं. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. वडिलांच्या आजारपणाच्या बातमीने तो मोरगावला परततो, आणि त्या परतण्याभोवती अख्खं गाव, घराणं, शेती, अलुतेदार-बलुतेदार, आत्या, बहिणी, विधवा, भटके यांचा प्रचंड ढीग आपल्यासमोर उपसला जातो. कुणी या ढिगाला कंटाळतं, कुणी त्यात हरवतं. मला तो वाचताना आमच्या घराचा माळा आठवतो. काही टाकून देववत नाही आणि सगळं ठेवायला जागा नाही.

या कादंबरीत एक प्रश्न सतत खाली धुमसत असतो: हे सगळं आता कुणाचं? बाप गेला की जमीन, वाडा, देणीघेणी, सोयरसंबंध हे सगळं मुलाकडे येतं. खंडेरावाला ते हवं आहे की नको, हा त्याचा पेच. तो खरा आहे आणि नेमाड्यांनी तो प्रामाणिकपणे मांडला आहे. पण वाचक म्हणून मी दुसऱ्यांदा थांबलो तो वेगळ्या जागी. समृद्ध असो वा अडगळ, ती स्वीकारायची की नाकारायची हा पेच पडण्यासाठी आधी ती तुमच्या नावावर यावी लागते. घरातल्या बायकांच्या तोंडी गोष्टी असतात, आठवणी असतात, घराचा सगळा इतिहास असतो. सातबारा नसतो.

आमच्याकडेही हेच. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशभर तो यायच्या अकरा वर्षं आधी. आमच्या तीन आत्यांनी त्यानंतर काही वर्षांनी तालुक्याला येऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. एकीने अंगठा. दुपारी घरी पुरणाचं जेवण झालं, तिघींना साड्या नेसवल्या. भांडण नाही, तक्रार नाही. सगळे म्हणाले, किती समजूतदार माणसं.

कादंबरी आली त्याच्या पुढच्या वर्षी, २०११ साली, जनगणना झाली. केळी, कापूस, पाटाचं पाणी, ठिबक, रेल्वेचं जंक्शन, नवं विद्यापीठ यांनी जळगाव जिल्हा आमच्या आजोबांना ओळखू येणार नाही इतका बदलला होता. शंभरातले ७८ लोक साक्षर होते. आणि सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. महाराष्ट्राची सरासरी तेव्हा ८९४ होती, आणि तीही काही मिरवण्यासारखी नव्हती. त्यानंतरचे जनगणनेचे आकडे अजून हाती नाहीत, म्हणून हाच शेवटचा.

म्हणजे साक्षरता वाढली, पैसा वाढला, दवाखाने वाढले आणि त्याच दहा वर्षांत हजारी अडतीस मुली कमी झाल्या. कुठल्याही साथीने नव्हे. पोटातलं मूल दाखवणाऱ्या यंत्राने तर नव्हेच, कारण त्याच यंत्राने माझ्या पुतणीचं अडलेलं बाळंतपण सोडवलं. यंत्राला फक्त दिसतं. काय बघायचं आणि बघून काय करायचं हे घर ठरवतं. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे १९८८ साली देशातलं पहिलं राज्य होतं, १९९४ साली देशाचा कायदा आला. कायदा होता. सातबाऱ्याचाही होता.

५

आता जे लिहायचं आहे ते वहिनीला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, “लिहा भाऊजी, नाव तेवढं नको.”

१९९९ साल. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दादा शेती बघायचा. त्याला पहिली मुलगी होती, तीन वर्षांची. वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. एका संध्याकाळी दादा धुळ्याला माझ्या खोलीवर आला आणि तीन हजार रुपये मागितले. कशाला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. मी पैसे दिले. आठ-दहा दिवसांनी गावी गेलो तेव्हा वहिनी आतल्या खोलीत झोपलेली होती. माय म्हणाली, अशक्तपणा आलाय. दोन वर्षांनी पुतण्या झाला. पेढे वाटले.

त्याच सत्रात मी पहिल्यांदा ‘कोसला’ शिकवली. मनीचा भाग वाचताना माझा गळा भरून आला आणि मला स्वतःबद्दल बरं वाटलं. संवेदनशील शिक्षक असं पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं ते त्याच वर्षी.

ढोंग म्हणाल तर ते मला सोपं वाटतं. ढोंगी माणसाला दोन गोष्टी दिसत असतात आणि तो एक लपवतो. मला त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी दिसल्याच नाहीत. एक साहित्य होतं, दुसरा घरचा मामला. मनीला नाव आहे, भाऊ आहे, तिच्यावर पानंच्या पानं आहेत. दुसरीला यातलं काहीच नाही, आणि शोक करायला आधी नाव लागतं. साहित्याने मला मनीसाठी रडायला शिकवलं, पण ते रडणं मी पुस्तकाबाहेर नेलं नाही. हा पुस्तकाचा दोष नाही. तिचं मरण ‘निरर्थक’ या शब्दात बंद करून ठेवणाऱ्या वाचनाचा थोडा आहे, आणि बाकी माझा.

वहिनी मागच्या महिन्यात हे ऐकून एवढंच म्हणाली, “मला कुणी विचारलंच नव्हतं तेव्हा. तुम्ही पण नाही.”

६

इथे कुणी म्हणेल, मग पूर्वीचंच बरं होतं. तसं नाही. मुलगी नको हे नवं नाही. आजीच्या न जगलेल्या पाचांपैकी मुली किती आणि त्यांच्या आजारपणात वैद्य किती वेळा आला, हे मला माहीत नाही, पण अंदाज करता येतो. जुनं घर दैवावर सोडून द्यायचं आणि दैव मुलींवर जरा जास्त कोपायचं. नवीन घराला वाट पाहावी लागत नाही, एवढाच फरक.

मला दिसतो तो भेद दुसरा आहे. देवीची लस कुणाच्याही घराने मागितली नव्हती. माय सांगते, टोचणारा माणूस गावात आला की बाया लेकरांना कणगीमागे लपवायच्या. तो आला, हाताला धरून टोचून गेला. सगळ्यांना टोचलं, पाटलाच्या पोराला आणि गावकुसाबाहेरच्या पोरालाही, कारण एका दारी रोग राहिला तरी तो सगळ्यांच्या दारी येऊ शकत होता. ती सुधारणा सर्वांची मिळून होती. शाळा तशीच, धरणही बरंचसं तसंच. याउलट तीन हजार रुपयांची सुधारणा एका घराने स्वतःपुरती विकत आणली. आणि घर जे विकत घेतं ते घराच्या जुन्या हिशोबानेच घेतं: जमीन कुणाच्या नावावर राहील, हुंडा द्यावा लागेल की मिळेल, म्हातारपणी कोण सांभाळेल. पैसा आला तसा हा हिशोब पुसला गेला नाही. तो पुरा करायची ऐपत मात्र आली.

याच खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. २०११ साली साक्षरतेत ते राज्यात शेवटचं, ६४ टक्क्यांच्या आसपास. लहान मुलींचं प्रमाण मात्र जळगावपेक्षा कितीतरी वर. तिथल्या आदिवासी समाजांत लग्नात देज मुलाकडचे देतात, मुलीच्या बापाला हुंडा जमवावा लागत नाही. मुलगी म्हणजे खर्च, हे गणित तिथे तसं मांडलेलंच नाही. म्हणून तिथे सगळं छान आहे असं नाही. कुपोषणाने तिथे मुलं दगावली आहेत आणि बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या घटना सातपुड्यात झाल्या आहेत. पण ज्या पट्टीवर आम्ही स्वतःला पुढारलेले म्हणतो, त्या पट्टीवर ‘मागास’ म्हटलेला जिल्हा एका फार मोठ्या बाबतीत आमच्या पुढे होता.

त्या भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे हे शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आलेले. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ सालचा. ‘स्टेज’ ही त्यांची कविता अनेकांना माहीत असेल. आपलं दुःख व्यासपीठावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचं ते आहे ते खाली बसून ऐकतात, एवढीच तिची गोष्ट. इतकी छोटी कविता आणि इतकी अवघड जागा मराठीत फार थोड्यांनी गाठली आहे. आजवर ती मी आदिवासींबद्दलची कविता म्हणून शिकवली. आता वाटतं, ती ‘आपण’ या शब्दाबद्दलची आहे. ‘आपण आधीच्या पिढ्यांपेक्षा बरे आहोत’ या वाक्यातला ‘आपण’ कोण बोलतो आहे आणि खाली बसून कोण ऐकतो आहे? आणि ज्यांना खाली बसायलाही जागा मिळाली नाही, त्या मुलींच्या वतीने कोण बोलणार?

७

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. मला त्याचा आनंद झाला, आजही आहे. निरक्षर बाईचं नाव पदवीच्या कागदावर यावं, ही आधीच्या कुठल्याही पिढीला न सुचलेली गोष्ट. त्या कागदासाठी माझ्या वर्गात जी पोरं बसतात ती २००१ नंतर जन्मलेली, म्हणजे मुली घटत गेल्या त्याच काळातली. गंमत अशी की एम.ए. मराठीच्या वर्गात मुलीच जास्त असतात. वर्गात उभं राहून पाहिलं तर वाटावं, कुठे आहे कमतरता? मुलं इंजिनिअरिंगला नाहीतर दुकानावर, मुली मराठीला. जे आलं आहे त्यावरून जे आलं नाही ते कधीच दिसत नाही.

ते दिसतं गावी. पुतण्या पंचविशीचा आहे. शेती चांगली करतो, विहिरीला पाणी आहे, व्यसन नाही. दोन वर्षांपासून स्थळं पाहतो आहोत. शेतकऱ्याला मुलगी द्यायला कुणी तयार नाही हे एक कारण आहेच. पण परवा दारात तांदूळ निवडता निवडता माय म्हणाली, “आते गावमा पोरीच कोठे शेतस?” आता गावात पोरीच कुठे आहेत? तिच्या आवाजात नवल होतं. पाऊस का नाही पडला असं विचारावं तसं. वहिनी आत होती. तिने भांडी जरा जोरात ठेवली. मी गप्प बसलो, १९९९ साली बसलो होतो तसाच.

तर प्रश्नाचं उत्तर. हो, आपण आधीच्या पिढ्यांपेक्षा बरे आहोत. आजीपेक्षा माय बरी, मायपेक्षा वहिनी बरी आणि वहिनीपेक्षा पुतणी नक्कीच बरी. ज्याला हे मान्य नाही त्याने देवीच्या वणांचा एक चेहरा नीट पाहावा. पण हे उत्तर जे जन्माला आले त्यांचं आहे. पिढीची सुधारणा फक्त हजर असलेल्यांची हजेरी घेऊन मोजता येत नाही. दाराशी कोण अडवलं गेलं, हेही त्याच वहीत लिहावं लागतं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी अजून खरं उत्तर दिलेलं नाही. मनीला का टोचलं नव्हतं, तर त्या वेळच्या मोठ्या माणसांनी ते महत्त्वाचं मानलं नाही म्हणून. हे सांगणं सोपं आहे, ती माणसं आता नाहीत. या जूनमध्ये मनीचा भाग पुन्हा येईल. ती मुलगी हुशार आहे. तिचा पुढचा प्रश्न आमच्या पिढीबद्दल असेल, आणि तेव्हा त्या काळात तसं असायचं असं म्हणून मला सुटता येणार नाही. तो काळ मीच होतो. पैसे मी दिले होते.